दुनळीच्या पोटावरचे शिक्के

खंडेनवमीला तळकोकणातल्या बऱ्याच घरांत कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या शेजारी पाटावर एक दुनळीही येऊन बसते. ओल्या बोटाने नळीवर कुंकू टेकवलं जातं, चापाभोवती झेंडूची दमट माळ गुंडाळली जाते, नारळ फुटतो आणि पाण्याचे चार शिंतोडे लाकूड-लोखंडाच्या सांध्यात जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी माळ उतरते, बंदूक कपाटात जाते, कुंकू तिथेच राहतं. दिवाळी संपेपर्यंत त्या जागी तपकिरी ठिपका धरलेला असतो. पूजेला माझा विरोध नाही. पण पूजा वर्षातून एकदा आणि साफसफाई त्याहूनही कमी वेळा, असा ज्या घरचा शिरस्ता आहे, तिथली बंदूक भक्तीनेच मरते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात, कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांत, तिकडे विदर्भातही अशा बंदुका घरोघरी नसल्या तरी गावोगावी आहेत. बहुतेकांचा परवाना शेतीसंरक्षणाचा किंवा स्वसंरक्षणाचा. काही ठासणीच्या, बाकीच्या काडतुसाच्या. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा आला, तेव्हापासून बंदूक बाळगणं ही सरकारच्या मर्जीची गोष्ट झाली आणि ओघानेच घराण्याच्या प्रतिष्ठेचीही. खोत, इनामदार, पाटील, संस्थानी दरबारातले मानकरी यांच्याकडे बंदूक असे, ती जनावरापेक्षा गावाला दिसावी म्हणून जास्त. आज तीच बंदूक तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हातात आहे आणि रानडुकरांनी भातशेतीत घातलेला धुडगूस पाहता तिचा उपयोग नाही असंही म्हणता येत नाही.

माझ्या मामेभावाकडे अशीच एक आली. सावंतवाडीच्या बाजूचं घर, मामांच्या आजोबांनी परत विलायतेला निघालेल्या कुणा साहेबाकडून घेतलेली दोन घोड्यांची बारा बोर. दोन्ही नळ्यांमधल्या पट्टीवर मुंबईच्या दुकानदाराचं नाव, नळ्यांवर नागमोडी नक्षी, दस्त्याला अक्रोडाचं काळपट लाकूड. मामा गेले आणि भावाच्या मनात दोनच गोष्टी होत्या: बंदूक घरातच राहिली पाहिजे, आणि येत्या दसऱ्याला तिचा एक बार काढायचा.

यातली पहिली गोष्ट कागदांची आहे. परवानाधारक वारला की बंदूक त्या क्षणापासून वारसांची होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. ‘तेरावं होऊ दे, मग बघू’ म्हणत ती माळ्यावर ठेवणारा मुलगा दरम्यानच्या काळात विनापरवाना शस्त्र बाळगत असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जमा केल्याची पावती घ्यायची, मग शस्त्र नियम २०१६मधल्या नियम २५ खाली वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. भाऊबंदकीत जमिनीइतकाच हा कागद अडतो. शस्त्र हाताळण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेलीही त्या दोनांतच धरली जाते. वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवण्यासारखी आहे: वयाची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली असेल, तर परवानाधारक हयातीतच वारसाच्या नावे ती करण्यासाठी अर्ज करू शकतो. मृत्युपत्रात घर लिहिणारे लोक हे विसरतात.

भावाचे कागद यथावकाश झाले. दुसरी गोष्ट बाराची. तिच्यासाठी आम्ही घाट चढून कोल्हापूरच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. बंदूक दुरुस्त करणं, तपासणं, तिची चाचणी घेणं यालाही कायद्याने वेगळा परवाना लागतो, त्यामुळे गावातला हुशार वेल्डर हा या कामाचा माणूस नव्हे. भाऊ बंदुकीची कुळकथा सांगू लागला. मिस्त्रींनी ती ऐकून घेतली नाही.

“आधी नळ्या काढा, मग बोलू.”

त्यांचं बरोबर होतं. जुन्या बंदुकीबद्दल घरात जे सांगितलं जातं त्यातलं निम्मं खोटं असतं, आणि बंदुकीवर जे कोरलेलं असतं ते सहसा खरं असतं. पण ते दर्शनी भागावर नसतं. पट्टीवरचं ठसठशीत नाव हे अनेकदा विकणाऱ्याचं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा, मुंबईचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर अशी नावं पाहून लोक हरखतात. प्रत्यक्षात या दुकानांच्या नावाने विकला गेलेला पुष्कळ माल बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेला असे. (रॉडा म्हणजे तेच. १९१४च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ज्यांच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या पळवल्या, ती कंपनी. बंदूकवालं घराणं रॉडाचं नाव अभिमानाने सांगतं तेव्हा मला हटकून तो माल पळवून नेणारी बैलगाडी आठवते.) खरा मजकूर नळ्यांच्या पोटाखाली, काडतूस बसतं त्या सपाट भागावर असतो. पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्याशिवाय तो दिसत नाही, आणि कित्येक घरांत तीन पिढ्यांत तो कुणी पाहिलेला नसतो.

इंग्लंडमध्ये बंदूक विकण्याआधी तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून ती टिकते का हे पाहण्याची सक्ती आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३च्या कायद्याने उभं राहिलं. चाचणीत टिकली की नळीवर शिक्का. हे शिक्के वेळोवेळी बदलत गेले, म्हणून ते वाचता आले की बंदुकीचं वय, तिचं माप आणि तिने कोणत्या दारूचा बार सोसायचा हे तिन्ही एकदम कळतं.

मिस्त्रींनी चिंधीला थोडं तेल लावून शंभरेक वर्षांचा मळ पुसला. मुकुटाखाली आडवे-तिडवे दोन राजदंड आणि त्यांच्या खाचांत इंग्रजी बी, पी, सी ही अक्षरं. शेजारी तसाच दुसरा शिक्का, ‘व्ही’वाला. हे बर्मिंगहॅमचे, १९०४ पूर्वीचे. चौकटीत १२चा आकडा आणि खाली ‘सी’, म्हणजे काडतुसाचं घर बारा बोरचं आणि आखूड. ‘चोक’ हा शब्द, म्हणजे १८८७ नंतरची. तोंडाशी नळी किंचित आवळलेली. आणि घराच्या पुढच्या नळीचं माप: १३.

भाऊ दचकला. बारा बोरच्या बंदुकीवर तेरा कसं? यात गडबड काही नाही. एक पौंड शिशाचे जेवढे समान गोळे नळीत नेमके बसतील तो तिचा बोर. बारा गोळे तर १२ बोर, व्यास ०.७२९ इंच, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आकडा मोठा तितकी नळी बारीक. त्या काळचे कारागीर काडतुसाचं घर बाराचं ठेवून पुढची नळी जरा घट्ट, तेराची, म्हणजे ०.७१० इंचाची करत. तेरा हा शिक्का आमच्यासाठी फार कामाचा निघाला, कारण नळी जन्माला आली तेव्हा आतून केवढी होती ते त्यावरून कळत होतं.

जे शिक्क्यांत नव्हतं तेही तितकंच बोलत होतं. ‘नायट्रो’ हा शब्द कुठेच नव्हता. ही बंदूक काळ्या दारूसाठी, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणासाठी तपासलेली. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते. तिचा दाब वेगळ्या रीतीने चढतो. बंदूक दणकट दिसते, मामांनी चाळीस वर्षं वापरली, काही झालं नाही, हे सगळं खरं असलं तरी त्याने शिक्का उमटत नाही.

नळ्यांवरच्या नक्षीबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक, ती तलवारीच्या पोलादासारखी अभेद्य असते. दुसरा, ती कुजकी असते, हात लावला की फुटते. लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र पिळून, पट्टी करून, ती पट्टी सळईभोवती गुंडाळत तापवून-ठोकून जोडली की ही नागमोडी नळी तयार होते. दमास्कसची म्हणतात तिला. बेल्जियममधलं लिएझ आणि बर्मिंगहॅम ही तिची मोठी ठिकाणं. १८९१मध्ये बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात वेगवेगळ्या जातीच्या नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, त्यात पहिला नंबर पिळाच्याच एका इंग्रज नळीचा आला, एकसंध पोलादाच्या नळ्यांनाही मागे टाकून. म्हणजे नवी असताना ती कमजोर नव्हती. पण प्रत्येक पिळाशी एक जोड आहे आणि जोडात कुठे राख-कीट अडकलेलं असेल तर गंज तिथून आत शिरतो, वरून दिसत नाही. सव्वाशे पावसाळ्यांनंतर कोणत्या जोडात काय झालं आहे हे नुसत्या डोळ्याला कळणं कठीण.

आणि पावसाळ्यांपेक्षा वाईट म्हणजे माया. माझं ठाम मत झालं आहे की जुन्या बंदुकांचं सर्वांत मोठं नुकसान त्या घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांनी केलं. पॉलिशपेपर, विटेची भुकटी, भांडी घासायची तारेची चोथी. एकेका घासण्यात धातूचा एकेक पापुद्रा जातो. आत गंजाचे खड्डे दिसले की ते ‘काढून’ आरसा करणारे कारागीरही आहेत; खड्डा जातो, पण खड्ड्याच्या तळापर्यंतचं सगळं लोखंड त्याच्याबरोबर जातं. नवं काळं रूप द्यायला गरम क्षाराच्या कढईत नळ्या बुडवणारे तर त्याहून पुढचे: दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात, आणि तो क्षार डाकच खातो. शिवाय घासताना क्रमांक आणि शिक्के पुसट झाले तर तो निव्वळ बेपर्वाईचा प्रश्न राहत नाही. बंदुकीवरची ओळखीची खूण काढणं किंवा बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे. नळी कापून आखूड करणंही परवान्याशिवाय चालत नाही. ‘तोंडाशी जरा फुटली होती म्हणून चार बोटं कापली’ असं सहज सांगणारे लोक मला भेटले आहेत.

मिस्त्रींनी मग चाचण्या केल्या. बंदूक बंद करून, पुढचं लाकूड काढलेल्या स्थितीत, दस्ता धरून हलवली. सांधा किंचित खडखडला. दिव्यासमोर धरून नळ्यांचा मागचा भाग आणि समोरची लोखंडी भिंत यांच्यात उजेडाची रेघ दिसते का ते पाहिलं. रेघ दिसली तर बार निघताना काडतुसाच्या बुडाला आधार उरत नाही. सुट्या नळ्या आकड्याने लोंबकळत धरून बोटाच्या पेराने टिचकी मारली. डाक शाबूत असला तर काशाच्या भांड्यासारखा लांबणारा नाद येतो, सुटला असला तर थरथरता बद्द आवाज. आमचा नाद चांगला होता, भावाला धीर आला. मग नळी खिडकीकडे करून आत पाहिलं. आतल्या उजेडाची वर्तुळं जिथे वाकडी होतात तिथे पोचा किंवा फुगवटा असतो. शेवटी मोजमाप.

उजवी नळी आतून १८.२ मिलिमीटर, डावी १८.४. तेराच्या शिक्क्याप्रमाणे दोन्ही १८च्या आसपास निघाल्या होत्या. परीक्षेनंतर नळी दहा हजारांश इंचाहून, म्हणजे पाव मिलिमीटरहून, जास्त रुंदावली तर तिचा शिक्का रद्द समजायचा असा जुना दंडक आहे. डावी त्याच्या पलीकडे गेली होती. कुणीतरी ती आतून घासली होती, बहुधा मामांच्याही आधी. पण निकाल लागला तो नळीच्या भिंतीच्या जाडीवर. तोंडापासून वीतभर मागे, जिथे डावा हात चुकून जाऊ शकतो अशा जागी, डाव्या नळीची भिंत ०.४ मिलिमीटर उरली होती. इंग्रज कारागीर सर्वसाधारणपणे वीस हजारांश इंच, अर्धा मिलिमीटर, ही शेवटची मर्यादा मानतात.

“हिचा बार काढायचा नाही,” मिस्त्री म्हणाले. “पूजा करा.”

वाटेत भाऊ बराच वेळ गप्प होता. आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, “आता घराकडे काय सांगूचा?” हा प्रश्न मला तांत्रिक तपशिलांपेक्षा अवघड वाटतो. आजोबांची बंदूक नापास झाली म्हणजे आजोबा नापास झाले, असं घरातल्या म्हाताऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पिढीने तिच्यातलं थोडं थोडं लोखंड वापरलं, गंजवलं, घासलं. वारशात भावाच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आलं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्यांची बंदूक या परीक्षेतून पार होते, त्यांच्यापुढचा सापळा काडतुसाचा. आपल्याकडची बहुतेक काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९चा हा कारखाना, आता म्युनिशन्स इंडियाच्या छत्राखाली. काडतुसाच्या पितळी बुडावरची केएफ ही अक्षरं शिकारी घराण्यांतल्या मुलांना बाराखडीच्या आधी ओळखता येत. काडतूस ६५ मिलिमीटर की ७० मिलिमीटर हे खोक्यावर पाहायचं. जुन्या इंग्रजी बंदुकांचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५चं. आता गंमत अशी की ७०चं काडतूसही त्यात आरामात बसतं, कारण खोक्यावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. न उडालेलं काडतूस आखूडच दिसतं. बसलं, बंदूक बंद झाली, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बार निघताना घडी उलगडायला जागा मिळत नाही, ती पुढच्या अरुंद उतारात घुसते, वाट आवळली जाते आणि दाब चढतो. एका बाराने काही होईलच असं नाही. म्हणून तर ही चूक वर्षानुवर्षं चालू राहते.

हलकं काडतूस म्हणजे कमी दाबाचं, हाही असाच गोड गैरसमज. ट्रॅप नेमबाजीच्या स्पर्धेत २४ ग्रॅम छऱ्यांची काडतुसं वापरतात. छरे कमी असले तरी ती वेगवान असतात आणि दाब भरपूर असू शकतो. ग्रॅमपेक्षा खोक्यावरची लांबी आणि दाबाचा उल्लेख वाचावा. लोखंडी छऱ्यांची परदेशी काडतुसं जुन्या चोकच्या नळीत मुळीच घालू नयेत. शिसं दबतं, लोखंड दबत नाही.

घरात बारा आणि वीस बोरच्या दोन बंदुका असतील, तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर ते घरातून निसटून पुढे जाऊन अडकतं. चाप ओढला, बार निघाला नाही, बंदूक उघडली तर घर रिकामं. माणूस समजतो काडतूस घालायचंच राहिलं, आणि बाराचं घालून चाप ओढतो. पुढचं लिहायला नको. जगभर वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करण्याचा जो प्रघात पडला त्यामागे हीच भीती आहे.

ठासणीची बंदूक वारशात आली असेल तर पहिली शंका ही घ्यायची की ती भरलेली आहे. ‘गेली तीस वर्षं कुणी हात लावलेला नाही’ हे आश्वासन नसून धोक्याची सूचना आहे, कारण कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही. गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. खूण केपाच्या छिद्रापर्यंत पोहोचली नाही तर आत काहीतरी बसलेलं आहे. ते घरी उकरायचं नाही. नळीचं तोंड माणसाकडे न करता मिस्त्रींना किंवा पोलिसांना कळवायचं.

साफसफाईबद्दल आपल्याकडे तेलावर फार विश्वास. खोबरेल, शेंगदाण्याचं, कधी मोटरसायकलचं इंजिन ऑइल. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार निघाला की त्याचं क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. काळ्या दारूची राखही हवेतली ओल ओढून घेणारी. ही दोन्ही तेलात विरघळत नाहीत. वरून तेलाचा हात फिरवला की क्षार तेलाखाली सुखाने लोखंड खात बसतात. त्यांना पाणीच लागतं. म्हणून काळ्या दारूचा बार काढला असेल तर नळ्या सुट्या करून आधी कढत पाण्याने धुवायच्या, गजाला कोरड्या चिंध्या लावून पुसायच्या, उन्हात पूर्ण वाळवायच्या आणि मग बंदुकीच्या पातळ तेलाचा अगदी विरळ हात. आजच्या काडतुसांना पाण्याची गरज नसते. दारूचा मळ काढणारं द्रावण, पितळी ब्रश, चिंधी एवढं पुरतं. खाद्यतेल मात्र कधीच नको. ते वाळून चिकट होतं, आणि आतल्या कमानी व खटके त्या चिकटात अडकले तर घोडा अर्ध्यावर थांबतो किंवा नको तेव्हा सुटतो.

दस्त्याला जवसाचं तेल, थेंबभर, तळव्याने चोळून. लोखंडाचं तेल लाकडात उतरू द्यायचं नाही. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली की नळीतलं जादा तेल महिनोन् महिने खाली झिरपतं आणि लाकूड नेमकं लोखंडाला मिळतं तिथे काळं, मऊ होतं. तोंड खाली करून उभी ठेवली तर हे होत नाही. चामड्याच्या सुंदर पेटीत किंवा लोकरीच्या गवसणीत ती कायमची ठेवू नये. दोन्ही कोकणातली ओल धरून ठेवतात. कुलपाचं लोखंडी कपाट, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आणि कुंभारीण. नळीच्या आकाराचं भोक हे या माशीला मातीचं घर बांधायला देवानेच पाठवलेलं वाटतं. आठवडाभर उघड्यावर टांगलेल्या बंदुकीत ती चिखलाचे चार खण बांधून मोकळी होते. त्यामागून बार निघाला तर अडकलेल्या चिखलापाशी नळी फुगते किंवा फाटते. काडतूस घालण्यापूर्वी दोन्ही नळ्यांतून आरपार आकाश पाहणं हा नियम म्हणजे निव्वळ शिस्त नव्हे, त्याला असं कारण आहे.

निवडणुकीचा काळ बंदुकीच्या तब्येतीला सर्वांत वाईट. आचारसंहिता लागली की कुणाची शस्त्रं जमा करायची हे छाननी समिती ठरवते, आणि शेतीसंरक्षणवाल्यांच्या रांगा ठाण्याबाहेर लागतात. २०२४मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन खेपा झाल्या. पहिली मार्चात सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी संपली. ठाण्यातल्या खोलीत चिठ्ठी बांधून एकमेकींना टेकवलेल्या बंदुका कुणी पुसत बसणार नाही, आणि त्यांनी पुसाव्या अशी अपेक्षाही नाही. जमा करताना नळ्या आतून-बाहेरून तेलाच्या हाताने पुसाव्यात, पोचे आणि ओरखडे यांचा फोटो काढावा, आणि परत मिळाल्यावर ती आधी सुटी करून पाहावी.

उरला प्रत्यक्ष बार. घोड्याच्या बंदुकीत एक वेगळा धोका आहे. घोडा चढवला, जनावर आलं नाही, आता तो उतरवायचा. दवाने किंवा घामाने ओला अंगठा निसटला की बार. म्हणून आधी बंदूक उघडायची, काडतुसं बाहेर काढायची, मगच घोडे खाली. ज्या बंदुकांना मागे खटक्याचं कुलूप असतं त्यांच्यातही अनेकदा फक्त चाप अडवला जातो, आतला घोडा नाही. बंदूक आपटली तर तो सुटू शकतो. बांध ओलांडताना, गडगा चढताना, जीपमध्ये बसताना ती उघडी आणि रिकामी असावी. चाप ओढला आणि नुसता ‘टिक’ झाला, तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबावं. दारू उशिरा पेटते. घरी रिकामी बंदूक चालवून पाहायची असेल तर नळ्यांत खोटी काडतुसं घालावीत, म्हणजे कमानीचा मार पिनेवर बसत नाही.

छऱ्याची पोच लोक कमी धरतात. सहा नंबरचा बारीक छरा दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो. एलजीचा मोठा गोळा त्याच नळीतून सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि कोकणात सातशे मीटरांत दुसरी वाडी असते. रात्री डुकराच्या राखणीला बसलेल्याने हलत्या झुडपावर बार काढला आणि झुडपामागे शेजारी निघाला, ही बातमी आपण अधूनमधून वाचतोच. दिसलं ते ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट नको. शेतीसंरक्षणाचा परवाना हा डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ११ खालची वेगळी परवानगी लागते. आणि लग्नात, मिरवणुकीत, दसऱ्याला हौसेने हवेत काढलेला बार २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही मिळवून देऊ शकतो. भावाचा दसऱ्याचा बेत नळी चांगली असती तरी कायद्यात बसला नसता. ज्याला जुनी बंदूक खरोखर चालवायची हौस आहे त्याने रीतसर शूटिंग रेंज गाठावी आणि उडणाऱ्या डांबरी चकत्या फोडाव्यात. डाव्या-उजव्या नळीचा फरक, दस्ता खांद्याला कसा बसतो, हे सगळं तिथे चार तासांत कळतं. जंगलात चार वर्षांत कळत नाही.

नापास झालेल्या बंदुकीचं काय, याला एकच उत्तर नाही. जुन्या नळ्या मागच्या भागापाशी कापून त्यात नव्या नळ्या बसवता येतात, पण हे काम नीट करणारे हात थोडे आणि खर्च बंदुकीच्या किमतीला भारी पडणारा. शिवाय ती नव्याने तपासून घ्यावी लागते. जी दुरुस्तीनेही चालण्याच्या पलीकडे गेली आहे अशा जुनाट बंदुकीला कायद्यात कलम ४५ खाली सूट आहे, मात्र ‘चालण्याच्या पलीकडे’ हे मालकाने स्वतःच ठरवायचं नसतं. त्याबद्दल अधिकाऱ्यांचं लेखी उत्तर हातात हवं. तोवर परवाना चालू ठेवावा. भावाने तेच केलं आहे. बंदूक कुलपात आहे, नळ्यांच्या मापाचा मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद परवान्याच्या पुस्तिकेला टाचलेला आहे, म्हणजे त्याच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

मामांच्या पेटीत तळाशी कागदी पुठ्ठ्याची काडतुसं निघाली. पावसाळ्यांनी फुगलेली, पितळेवर हिरवट थर आलेली. अशी काडतुसं लोक विहिरीत टाकतात, जमिनीत पुरतात, एखादा शहाणा चुलीत घालतो. कागद फुगला असला तरी टोपी जिवंत असते आणि विहिरीत टाकलेलं शिसं पाण्यातच राहतं. भावाने ती कापडाच्या पिशवीत घालून ठाण्यात नेली, परवान्यावरची नोंद दाखवली, मोजून दिली आणि नगाप्रमाणे पावती घेतली. ठाणे अंमलदाराला पावतीचा नमुना शोधायला अर्धा तास लागला, कारण काडतुसं परत द्यायला कुणी येतच नाही म्हणे.